काचघर आणि चिकूची वाडी



हरितगृह आणि भोजनगृह एकाच वास्तूत आणण्याची कल्पना थंड प्रदेशांत जन्मली. ज्या छपराखाली भाजी वाढते, त्याच छपराखाली टेबले मांडायची आणि तीच भाजी ताटात वाढायची. वाहतूक नाही, शीतगृह नाही, मधला दलाल नाही. थंड देशांत ही कल्पना पूर्णपणे शहाणपणाची आहे. पण हीच वास्तू डहाणू तालुक्यात, घोलवडच्या किनाऱ्यावर उभारायची ठरली तर तिचे रूप काय असेल? काचेचे असेल का? आणि नसेल, तर मग कशाचे?

या प्रश्नाचे उत्तर हरितगृहाच्या गुणातच आहे, म्हणून आधी तो गुण नीट समजून घ्यायला हवा. काचेतून किंवा प्लास्टिकच्या कापडातून ऊन आत येते, जमीन आणि पाने तापतात आणि त्यांच्यामुळे हवा तापते. ही तापलेली हवा वर उठून निघून जाऊ पाहते. काच तिला जाऊ देत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली आणि दुसरीवर सैंधव मिठाची पारदर्शक पाटी. काच उष्णतेचे अदृश्य किरण अडवते, मिठाची पाटी अडवत नाही. तरीही दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. हरितगृहाच्या उबेचा मोठा वाटा किरण अडवण्यात नसून हवा कोंडण्यात आहे, असा त्याचा अर्थ निघाला. हरितगृह हे मुळात हवा कोंडणारे घर आहे. पुढचे सारे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

हवा कोंडणे कुठे हितकारक ठरते? आइसलँडमध्ये. रेकहोल्ट नावाच्या गावाजवळ फ्रिदहेमार हे टोमॅटोचे शेत आहे. ते ६४ अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम अडीच अंश येतो. त्या देशात जमिनीखालच्या गरम पाण्यावर हरितगृहे तापवायला १९२४ पासून सुरुवात झाली. फ्रिदहेमारमध्येही तेच गरम पाणी नळ्यांतून फिरते, कृत्रिम प्रकाशावर बारमाही टोमॅटो येतात, परागीभवनासाठी भुंगे पाळलेले आहेत आणि वेलींच्या शेजारी मांडलेल्या टेबलांवर टोमॅटोचे सूप मिळते. ॲमस्टरडॅममध्ये नगरपालिकेच्या रोपवाटिकेसाठी १९२६ साली बांधलेले एक काचघर पाडले जाणार होते. ते वाचवून २००१ मध्ये तिथे ‘द कास’ हे रेस्टॉरंट सुरू झाले. आपल्याकडे लेहमध्ये जमिनीत खड्डा घेऊन त्यावर प्लास्टिक ताणलेली साधी हरितगृहे हिवाळ्यातही पालेभाजी देतात. लेह काय, रेकहोल्ट काय, तिथे रोपाला ऊब हवी असते आणि माणसालाही ऊबच हवी असते. दोघांची गरज एकच, म्हणून दोघांना एक छप्पर पुरते.

घोलवडमध्ये दोघांची गरज एक आहे का?

नाही. इथेच या विषयाचे सगळे मर्म आहे. घोलवड सुमारे २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मध्यान्हीचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा, पण तेव्हा तो ढगांआड असतो. उन्हाळ्यातले मध्यान्हीचे ऊन भिंतीवर पडत नाही, ते छपरावर पडते. त्या छपरातून टोमॅटोला, ढोबळी मिरचीला निम्मे तरी ऊन हवे. जेवायला बसलेल्या माणसाला त्यातले काहीच नको. रोप पानांतून सतत पाण्याची वाफ सोडते. माणसाचा घाम मात्र हवा कोरडी असेल, वाहती असेल तरच वाळतो. म्हणजे एकाच्या सुखासाठी जे लागते त्यानेच दुसऱ्याचे हाल होतात. एप्रिलच्या दुपारी काचेखाली पंगत मांडणे म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत पाहुण्यांना बसवणे.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: पंखा आणि ओला पडदा. एका बाजूला पाण्याने भिजणारी जाड जाळी आणि समोरच्या बाजूला हवा ओढणारे मोठे पंखे. नागपूर-अकोल्याच्या घराघरांत खिडकीला लावलेला कूलर याच तत्त्वावर चालतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते आणि हवा थंड होते. विदर्भात मेच्या दुपारी तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वाफेच्या मार्गाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. किनाऱ्यावर ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तीच हवा २९ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात तेवढीही जात नाही, आणि जी मिळते ती पाण्याने गच्च भरलेली असते. चार्ली पॅटन यांनी समुद्राच्या पाण्याने हवा गार करणाऱ्या हरितगृहाचा प्रयोग टेनेरिफ बेटावर केला, पुढे अबू धाबी आणि ओमान इथेही तशी हरितगृहे उभी राहिली. ते काम अतिशय मोलाचे आहे, पण ते वाळवंटाच्या कडेचे काम आहे. समुद्र घोलवडलाही आहे. कोरडी हवा नाही. अवघड हवामान म्हटले की बर्फ किंवा वाळवंट डोळ्यांपुढे येते, दमट किनारा कुणाला आठवत नाही. वास्तुरचनेच्या दृष्टीने दमट किनारा या दोघांइतकाच अवघड आहे, कारण इथे यंत्राशिवाय हवा गार करण्याचा सोपा मार्गच उरत नाही. सावली आणि वारा या दोनच गोष्टी उरतात.

त्यात आणखी भर पडते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि नैऋत्येकडून तिरपा. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या बागांचे नुकसान केले. आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसराने, भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची मालिकाच अनुभवली. त्यांतले काही धक्के चारच्या आसपास तीव्रतेचे होते. अशा जमिनीवर, माणसे जेवत असताना, त्यांच्या डोक्यावर काचेचा भार ठेवावा का? हा प्रश्न सौंदर्याचा नाही, जिवाचा आहे.

मग घोलवडने काय करावे? नवे काही शोधण्यापूर्वी गावात काय उभे आहे ते पाहावे.

गावात चिकूची वाडी उभी आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाची महाराष्ट्रातली पद्धतशीर लागवड १८९८ मध्ये घोलवडलाच सुरू झाली, असे बागायतीचे ग्रंथ नोंदवतात. इराणी-पारशी बागायतदारांनी आणि इथल्या इतर शेतकऱ्यांनी ती वाढवली. वाडीतल्या कष्टांत वारली मजुरांचा वाटा मोठा आहे आणि तो दर वेळी सांगितला पाहिजे. खिरणीच्या खुंटावर बांधलेली कालीपत्ती जातीची कलमे दहा-दहा मीटरवर लावली की हेक्टरी शंभर झाडे बसतात. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. घोलवडच्या मातीतल्या चुन्याच्या अंशामुळे फळाला वेगळी गोडी येते, अशी त्यामागची मांडणी आहे. हे सगळे फळाविषयी झाले. वास्तुरचनेच्या दृष्टीने या झाडाचा गुण दुसराच आहे: ते बाराही महिने हिरवे असते आणि त्याची सावली दाट असते. जुन्या वाडीत शेजारशेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात. भर उन्हाळ्यात रस्त्यावरून वाडीत शिरणाऱ्याला जो फरक जाणवतो तो काही केवळ तापमापकातला फरक नसतो. तापलेल्या छपराची, तापलेल्या डांबराची जी धग अंगावर येते ती तिथे नसते. पाने स्वतः पाणी सोडून थंड राहतात. माणसांसाठीचे हरितगृह घोलवडला सव्वाशे वर्षांपूर्वीपासून आहे. ते फक्त काचेचे नाही.

आणि रोपांसाठीचे? तेही आहे. डहाणू तालुक्यातली ढोबळी मिरची मुंबईच्या बाजारात प्रसिद्ध आहे, आणि तिच्यासाठी वाणगाव-चिंचणीपासून बोर्डी-घोलवडपर्यंत शेतकऱ्यांनी शेडनेट उभारली आहेत. शेडनेट म्हणजे हवा कोंडण्याऐवजी ऊन गाळणारे घर. जाळीतून वारा जातो, उन्हाचा तिसरा हिस्सा किंवा निम्मा भाग अडतो. पुस्तकी हरितगृहाच्या नेमके उलट काम ते करते आणि या हवामानाला तेच योग्य आहे. इथल्या शेतकऱ्याने हा निर्णय आपल्या अनुभवावर घेतला आहे. वास्तुरचनाकाराने तो मानाने स्वीकारावा.

तेव्हा घोलवडचे सूत्र असे: रोप आणि माणूस एका छपराखाली नकोत, एका आवारात हवेत. आणि त्या आवारात कोणाच्या नंतर कोण, हे वाऱ्याने ठरवायचे.

वारा कसा वाहतो? उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही दुपारपासून समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. पावसाळ्यात तो नैऋत्येचा असतो. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीवरून, पूर्व-ईशान्येकडून हलका गारवा येतो. म्हणून पश्चिमेला किनाऱ्याजवळ सुरूची रांग हवी, ती खारे तुषार आणि वादळाचा पहिला जोर अंगावर घेते. मग वाडी. वाडीच्या पूर्वेच्या कडेला भोजनाची पडवी, आणि तिच्या पलीकडे, उघड्या उन्हात, शेडनेट. समुद्राचा वारा झाडांखालून गार होत पडवीत येतो, माणसांना स्पर्श करून शेडनेटमध्ये जातो आणि तिथली दमट हवा घेऊन निघून जातो. हा क्रम उलटा केला तर रोपांची वाफ जेवणाऱ्यांच्या तोंडावर येईल. स्वयंपाकघर या वाऱ्यांपैकी एकाच्याही वाटेत येऊ नये असे वाटत असेल तर एकच कोपरा उरतो, तो म्हणजे आग्नेय. जुन्या घरांत चूल आग्नेयेला असे. या किनाऱ्यावर तरी त्या प्रथेला वाऱ्याचा भक्कम आधार आहे.

यात एक अडचण आहे आणि ती लपवू नये. उन्हाचा विचार केला तर इमारतीची लांब बाजू पश्चिमेला ठेवू नये, कारण मावळतीचे तिरपे ऊन आत शिरते. वाऱ्याचा विचार केला तर नेमकी तीच बाजू उघडी हवी. एरवी इथे तडजोड करावी लागते, पण वाडी असेल तर ती टळते. झाडांचे शेंडे मावळतीचे ऊन अडवतात आणि खोडांमधून वारा येतो. मात्र चिकूच्या फांद्या जमिनीपर्यंत लवतात, त्या तशाच ठेवल्या तर वाऱ्यापुढे भिंत उभी राहते. पडवीसमोरच्या काही ओळींच्या खालच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत काढाव्या लागतील. खालच्या फांद्यांवरचे फळ तोडायला सर्वांत सोपे असते, त्यामुळे मालकाचे तेवढे नुकसान आहे. ते आधीच हिशेबात धरलेले बरे. वाहत्या वाऱ्याने अंगाला जाणवणारे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. ज्या दिवशी वारा पडतो त्या दिवशी छताचे पंखे तेवढेच काम फार थोड्या विजेत करतात.

पडवी कशाची असावी? याचे उत्तर वारली घर देते. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेण-मातीचा गिलावा, सारवलेली जमीन आणि वर गवताचे, ताडपानांचे किंवा कौलांचे उतरते छप्पर. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रे जगभर नेली. ती चित्रे ज्या भिंतीवर जन्मली त्या भिंतीकडे मात्र वास्तुरचना म्हणून फार थोड्यांनी पाहिले. कुडाची भिंत हलकी असते, धक्क्याने वाकते पण दगडी भिंतीसारखी कोसळून माणसाला गाडत नाही. ती थोडी श्वास घेते. जुनी झाली की मातीला मिळते. कुणी म्हणेल, हे गरिबीचे घर आहे, त्यावर हॉटेल कसे उभारणार? उत्तर असे, की घराचे तत्त्व घ्यायचे, त्यातली गैरसोय घ्यायची नाही. जोत्याला काळा दगड, खांबांना साग किंवा बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू, सांध्यांना गंज न धरणारे खिळे-पट्ट्या, छप्पर उंच आणि उतार तीव्र, वळचण दीड मीटर पुढे आलेली. चक्रीवादळात छप्पर उचलले जाऊ नये म्हणून खांब जोत्यात घट्ट बांधलेले. पावसाळ्यात पश्चिम बाजूला झावळ्यांचे झाप लावायचे आणि दिवाळीआधी काढायचे. किनाऱ्यावरची जुनी घरे हेच करत आली आहेत.

मग काचघराला या आवारात जागाच नाही का? आहे, आणि अतिशय योग्य जागा आहे. हवा कोंडून तापवणे हा त्याचा गुण वाळवणाला हवा असतो. अठराव्या शतकात सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने काचेच्या थरांची पेटी उन्हात ठेवून आतले तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर नेले होते. तेवढी उष्णता इथे नको. पन्नास-साठ अंशांच्या आसपास, खालून हवा घेणारी आणि वरून सोडणारी पेटी पुरे. चिकू झाडावरून कठीण काढतात, तो काही दिवसांत एकदम पिकतो आणि मग थांबत नाही. तोड जास्त झाली, भाव पडला, गाडी चुकली की माल वाया जातो. त्याच फळाच्या फोडी सौर वाळवणीत सुकवल्या की चिप्स होतात, दळल्या की भुकटी होते आणि महिनोन्‌महिने टिकते. याच किनाऱ्यावर बोंबील उघड्यावर वाळतात. फळाला मात्र धूळ-माशी चालत नाही, त्यामुळे बंद पेटीचे मोल अधिक. म्हणजे घोलवडच्या आवारात काच असावी, पण ती माणसावर नव्हे, रोपावर नव्हे, फोडींवर.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. २०० चौरस मीटरच्या कौलारू छपरावर दोन मीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती आला, तर ३ लाख २० हजार लिटर पाणी मिळते. ते सगळे टाकीत साठवण्याचा खर्च परवडणारा नाही. पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते साठवावे आणि उरलेले गाळून विहिरीच्या पुनर्भरणाला द्यावे. समुद्राजवळच्या विहिरीतून उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरवणे हाच त्यावरचा खरा बांध आहे. भांडी धुतलेले पाणी तेल अडवणाऱ्या टाकीतून, मग कर्दळीच्या वाफ्यातून चिकूच्या आळ्यांना जाऊ शकते. खरकट्यासाठी तर महाराष्ट्रातच मोठे काम झाले आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातल्या पिष्टमय कचऱ्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला; भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ प्रकल्प विकसित केला. उरलेला भात शेणापेक्षा लवकर गॅस देतो. भोजनगृहाची सगळी चूल त्यावर चालणार नाही, पण चहा-पाणी चालेल आणि मळी शेडनेटच्या वाफ्यांत जाईल.

डहाणू तालुक्याला एक संरक्षण लाभले आहे, तेही इथे लक्षात घ्यावे लागते. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांवर मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. वाड्या आज उभ्या आहेत त्यात या संरक्षणाचा आणि त्यासाठी लढणाऱ्या स्थानिक नागरिकांचा हात आहे. बोर्डीला २०१३ पासून भरलेल्या चिकू महोत्सवाने शहरी माणूस वाडीपर्यंत आणला आणि राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. पाहुणा आला की काँक्रीट येते, ही भीती खरी आहे. पडवी वाडीच्या कडेला असावी, झाड तोडून मधोमध नसावी, आणि ती काढून घेतली तर खाली शेतजमीन जशीच्या तशी उरावी, एवढी अट प्रत्येक आराखड्याला घातलीच पाहिजे.

राहिला प्रश्न ताटाचा. आइसलँडच्या काचघरात बारा महिने एकच टोमॅटो असतो, आणि तिथे तेच कौतुकाचे आहे. घोलवडच्या ताटाने ऋतूप्रमाणे बदलावे. थंडीत वालाच्या शेंगा, रताळी आणि कोनफळ घातलेली उकडहंडी, शेडनेटमधली ढोबळी मिरची, नागलीची भाकर. उन्हाळ्यात ताडगोळे आणि चिकू. डहाणूच्या बंदरातली मासळी आणि इराणी-पारशी घरांतली पात्रानी मच्छी. वाडीच्या सावलीत भाजीपाला होत नाही, पण हळद, आले, अळू, सुरण होतात आणि मिरीचा वेल खोडावर चढतो. पावसाळ्यात पंगती कमी होतील, तेव्हा कामही बदलावे. पहिल्या पावसाआधी शेडनेटची जाळी उतरवून गुंडाळून ठेवायची, म्हणजे वादळात ती फाटत नाही आणि सांगाडाही उखडत नाही. त्याच उघड्या सांगाड्यावर सुतळ्या बांधून कर्टोलीचे वेल चढवायचे. जूनमध्ये रानातून आलेली शेवळे आणि नंतर ही कर्टोली, एवढ्यावर चार टेबलांची पंगत चालू राहते. पाऊस सरत आला की वेल काढायचे, वाफ्यांत मळी घालायची आणि जाळी पुन्हा ताणून मिरचीची रोपे लावायची.